अवजारपेटी : भिंत कसली आहे ते आधी सांगा

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की घरात एक तरी ड्रिल मशीन असावं असं तुम्हाला वाटतं का, आणि आता त्याची शिक्षा भोगतेय. या महिन्यात आलेल्या मेलमध्ये निम्म्याहून जास्त ड्रिलचेच. त्यातला एक प्रश्न सविस्तर घेतलाय, बाकीच्यांनी त्यातच आपलं उत्तर शोधावं, भिंत बदलली तरी दुखणं तेच आहे. नवीन वाचकांसाठी सांगते, मी इंजिनिअर वगैरे कुणी नाही, चिपळूणला आमचं हार्डवेअरचं दुकान, बाबांच्या शेजारी गल्ल्यावर बसून जे शिकले ते आणि गिऱ्हाईकांच्या तक्रारी ऐकून जे शिकले ते, एवढीच माझी डिग्री.

प्रश्न : ताई, आम्ही सहा महिन्यांपूर्वी घोडबंदर रोडला नवीन टॉवरमध्ये राहायला आलो. ऑनलाइन सेलमधून ड्रिल मशीन मागवलं, शंभर पीसचा किट, सूटकेससकट. हॉलच्या भिंतीत पहिलंच भोक पाडायला घेतलं तर अर्धा इंचसुद्धा आत जाईना, बिटचं टोक निळं पडलं, वास यायला लागला, आणि वर सासूबाई म्हणाल्या की गिरगावच्या चाळीत आमच्याकडे हातोडीने भोकं पाडायचे. मशीन बोगस आहे का? परत करायची मुदत संपली आहे.
— एक वैतागलेली वाचक, ठाणे

उत्तर : मशीन बोगस असेलच असं नाही, भिंत मात्र अस्सल निघालेली दिसतेय. हल्ली नव्या टॉवर्समध्ये बऱ्याच ठिकाणी ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात, साइटवरचे लोक त्याला मायवान म्हणतात, म्हणजे विटेची भिंत घरात औषधालासुद्धा नसते, चारी बाजूंनी आरसीसी. सासूबाई म्हणतात तेही खोटं नाही. चाळीत वीट आणि चुना, तिथे छिन्नी-हातोडीने भोक पाडायचं, सुताराकडून लाकडाची गिट्टी तासून घ्यायची, ती आत ठोकायची आणि त्यात स्क्रू, फोटो पन्नास वर्षं हलत नाही. पण ती चाळीची भिंत होती. तुमच्या भिंतीसमोर तोच माणूस उभा केला तर संध्याकाळी हात चोळत बसेल.

आता मशीनचं. तुम्ही घेतलंय ते बहुतेक इम्पॅक्ट ड्रिल, ज्याच्यावर हातोडीचं चित्र असलेलं बटण असतं. त्याच्या आत दोन दातेरी चकत्या असतात, त्या एकमेकींवर घासत फिरतात आणि त्या खडखडीतून बिटला बारीक बारीक धक्के मिळतात. धक्के मिनिटाला हजारोंनी असतात पण प्रत्येक धक्का अगदी लुळा, त्यामुळे तुम्ही मागून जोर लावाल तेवढंच काम होतं. विटेला हे भरपूर झालं. काँक्रीटला नाही. तिथे लागतो रोटरी हॅमर, ज्याच्यात पिस्टन असतो आणि तो हवा दाबून त्या हवेच्या जोरावर ठोका मारतो. ठोके कमी पण घणाचे, आणि गंमत म्हणजे मागून रेटायची गरजच नसते, नुसतं सरळ धरायचं. त्याचं बिटही वेगळं, मागच्या बाजूला खाचा असलेलं, एसडीएस प्लस म्हणतात, ते चावीने आवळायचं नसतं, ढकललं की खटकन बसतं. साधं बिट त्यात बसत नाही आणि त्याचं बिट साध्या मशीनमध्ये लावू नये.

पण मशीन बदलायच्या आधी बिट बघा. टोक निळं पडलं म्हणताय म्हणजे ते पोलादाचं, लोखंडाला किंवा लाकडाला भोक पाडायचं बिट असण्याची शक्यता फार आहे. भिंतीच्या बिटच्या टोकाला वेगळ्या धातूचा तुकडा बसवलेला असतो, टंगस्टन कार्बाइडचा, तो दांड्यापेक्षा जरासा रुंद असतो आणि बाणाच्या फाळासारखा दिसतो, बोट फिरवलं तरी कळतं. शंभर पीसच्या किटमध्ये शंभर पीस कशाचे असतात ते एकदा मोजा, पन्नास गिट्ट्या, वीस स्क्रू, टेप, कटर, आणि भिंतीची बिटं चार-पाच, तीही पातळ कार्बाइडची. म्हणून मी दुकानात सगळ्यांना एकच सांगते की मशीन मध्यम घ्या आणि बिट उत्तम घ्या, कारण भिंतीला हात लावतं ते बिट, मशीन नुसतं मागून फिरवतं. एक चांगलं ६ एमएमचं आणि एक ८ एमएमचं, सुटं, नाव असलेल्या कंपनीचं. बास. घरातली नव्वद टक्के भोकं तेवढ्यात होतात.

आणि एक, रागावू नका, पण मशीन उलटं तर फिरत नव्हतं ना? ट्रिगरच्या वर एक छोटी खटकी असते, डावी-उजवी. दुकानात परत आलेली कितीतरी ‘बिघडलेली’ मशीनं मी ती खटकी सरकवून दुरुस्त केलीयत. फी म्हणून चहा घेतला.

भिंत ओळखायची कशी हे बऱ्याच जणांनी विचारलंय. कपाटामागे किंवा पडद्याच्या वर, दिसणार नाही अशा जागी एक छोटं भोक पाडायला घ्या आणि खाली कागद धरून भुकटी बघा. आधी प्लास्टरची करडी येईल, तिच्याकडे लक्ष देऊ नका. त्यानंतर लाल आली तर वीट, हॅमर म्हणजे ते हातोडीचं बटण चालू करा, आरामात जाईल. करडी-राखाडीच येत राहिली आणि मशीन उसळायला लागलं तर काँक्रीट. पांढरट, हलकी, पिठासारखी आली आणि बिट लोण्यात घुसल्यासारखं घुसलं तर ते सिपोरेक्स, म्हणजे एएसी ब्लॉक, जो पाण्यात टाकला तर तरंगतो इतका हलका असतो. त्याच्यात हॅमर अजिबात लावायचा नाही, भोक पसरट होतं आणि नेहमीची गिट्टी त्यात गरगर फिरत बसते. त्याच्यासाठी लांब नायलॉनची किंवा मळसूत्री गिट्टी वेगळी मिळते, ती मागा. सिपोरेक्सच्या भिंतीवर २५ लिटरचा गीझर साध्या गिट्टीवर टांगलेला मी बघितलाय, भरला की नुसतं पाणीच २५ किलो, वर टाकीचं वजन वेगळं, आणि खाली माणूस आंघोळ करतोय! तिथे आरपार बोल्ट नाहीतर केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून पक्का बसवलेला बोल्ट. आणि आमच्या कोकणातला, गोव्यातला चिरा, म्हणजे जांभा दगड, असेल तर तोही हॅमरशिवायच, नाहीतर कड ढासळते आणि ६चं भोक १२चं होतं.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा की रोटरी हॅमर विकत घेऊ नका. एक रविवार ठरवा, पडदे, टीव्ही, आरसा, देवघर, कपडे वाळत घालायची दोरी, सगळ्या जागांवर पेन्सिलने खुणा करून ठेवा आणि एका दिवसासाठी मशीन भाड्याने आणा, मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात किंवा टूल्स भाड्याने देणाऱ्यांकडे मिळतं. दुपारची वेळ टाळा, सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव निघेल. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि सरळ डावी-उजवीकडे भोक पाडू नका, वायरचा पाइप बहुधा त्याच रेषेत गेलेला असतो, आणि ज्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे तिथे तर दोनदा विचार करा. गिट्टीची लांबी बिटवर धरून तिथे चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे किती आत जायचं ते कळतं, आणि त्या लांबीत प्लास्टर धरायचं नाही, गिट्टी विटेत किंवा काँक्रीटमध्ये रुतली पाहिजे. भोकातली भुकटी फुंकून काढा (डोळे मिटून). ६ च्या गिट्टीला ८ नंबरचा स्क्रू.

तुमचं जुनं मशीन ठेवा. लाकडाला, पत्र्याला, फर्निचरला तेच लागणार आहे.

प्रश्न : शेजाऱ्यांनी माझं ड्रिल मशीन गणपतीच्या मखरासाठी नेलं, दिवाळी झाली तरी परत आलं नाही. मागायचं कसं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : त्यांच्याकडे जाऊन सांगा, “ह्याचं नवीन बिट आणलंय, लावून बघायचंय.” मशीन घेऊन घरी या. बिट खरंच आणा, जुनं त्यांनी बोथट केलेलं असणार.

प्रश्न : मी महावितरणमधून नाही पण एका कारखान्याच्या ऑफिसातून रिटायर झालेला माणूस आहे, विजेची छोटी कामं घरी स्वतःच करतो. परवा बेडरूमच्या दिव्याचा होल्डर बदलायला बटण बंद केलं आणि टेस्टर लावला तर टेस्टर पेटला. मेन स्विचही बंद केला तरी एका पॉइंटला मिणमिणता पेटतोच. टेस्टर खराब आहे की वायरिंग? नवीन कुठला घ्यावा?
— एक ज्येष्ठ वाचक, अकोला

उत्तर : काका, आधी ते काम थांबवा आणि मग पुढचं वाचा.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बटण बंद करूनही होल्डरला टेस्टर पेटतो याचा अर्थ बहुतेक असा की वायरिंग करताना कुणीतरी बटणातून फेजऐवजी न्यूट्रल नेलाय. दिवा बंद होतो, म्हणून कुणाला कळत नाही, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट चोवीस तास उभेच असतात. हे इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या, लाजू नका, हे तुमचं काम नाही.

दुसरं, मेन बंद करूनही एका पॉइंटला पेटतो. घरात इन्व्हर्टर आहे का? तुमच्या पत्रात लिहिलेलं नाही पण अकोल्याच्या उन्हाळ्यात तो असणारच असं धरून चालते. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, तो आपलं काम इमानेइतबारे सुरू करतो आणि ज्या लाइनी त्याच्यावर आहेत त्यात पुन्हा करंट. किती लोकांनी यात झटका खाल्लाय! मेन बंद केला तर इन्व्हर्टरचंही आउटपुट बंद करायचं, नुसतं पुढचं बटण नाही. इन्व्हर्टर नसेल तर मिणमिणता टेस्टर शेजारून जाणाऱ्या चालू वायरच्या प्रभावानेही पेटू शकतो, आणि इथेच टेस्टरचा खरा दोष आहे, तो हो म्हणतो ते दरवेळी खरं नसतं आणि नाही म्हणतो ते तर अजिबात धरून चालू नये. आतली निऑनची बारीक नळी फुटली असेल, उन्हात उजेड दिसला नसेल, तुम्ही लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभे असाल, काहीही.

म्हणून टेस्टर ठेवा पण सोबत साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, ज्याच्यावर कॅट थ्री ६०० व्होल्ट असं छापलंय असा, आणि त्याच्या वायरींची टोकं नीट झाकलेली आहेत ना ते बघा, कारण स्वस्तातल्या मीटरची वायरच आधी तुटते. पद्धत अशी की आधी चालू असलेल्या सॉकेटवर मोजायचं, २३०च्या आसपास दाखवतो का बघायचं, मग जिथे काम करायचं तिथे मोजायचं, शून्य आलं की परत एकदा चालू सॉकेटवर मोजायचं. म्हणजे मीटर मधल्यामध्ये मेला नाही हे कळतं. वेळखाऊ वाटतं, अर्धा मिनिट लागतो.

पकडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. पकडीला रंगीत प्लास्टिकचं आवरण आहे म्हणजे ती विजेच्या कामाची झाली असं नसतं, ते हाताला मऊ लागावं म्हणूनही असतं. खऱ्या इन्सुलेटेड पकडीवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. आणि मीटरपेट्यांच्या शेजारी आरसीसीबी आहे का, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, ज्याला सगळे ईएलसीबी म्हणतात, ३० मिलीअँपिअरचा? असेल तर महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबा, खटकन पडला पाहिजे. नसेल तर नवीन कुठलंही अवजार घ्यायच्या आधी तो बसवून घ्या.

प्रश्न : हाय काकू! मी पुण्यात शिकायला आलेय, तिघी मैत्रिणी मिळून फ्लॅट घेतलाय. घरमालक काहीच करत नाहीत, प्लंबरला फोन केला की व्हिजिटचेच पैसे आधी. दीड हजारात बेसिक किट सांगा ना, गुलाबी रंगाचा ‘लेडीज टूलकिट’ दिसला ऑनलाइन, तो चालेल का?
— कर्वेनगरहून एक वाचक

उत्तर : गुलाबी रंगाला माझी काही हरकत नाही, पण त्या किटमधली हातोडी मी हातात घेतली आहे, तिने बदामसुद्धा फुटायचा नाही. किट नको. एक शनिवार काढून रविवार पेठेत बोहरी आळीत जा, गर्दी असते, स्कूटर लांब लावा, आणि सुटं सुटं घे. आठ इंची पक्कड एक, ती चांगलीच घे, आपल्या नाशिकच्या तापडियाची घेतलीस तर माझ्या वयाची होईपर्यंत टिकेल. अडजस्टेबल पाना एक, आठ किंवा दहा इंची, ज्याचा जबडा हलवून बघितला तर लटपटत नाही असा, हे मात्र दुकानातच बघायचं, फोटोत कळत नाही. तीन मीटरची टेप. मध्यम हातोडी, लाकडी दांड्याची चालेल. टेफ्लॉन टेपची दोन रिळं, काळी इन्सुलेशन टेप, कटर.

राहिला स्क्रू ड्रायव्हर, ज्याला आमच्याकडे जुनी माणसं डिसमिस म्हणतात. यात लोक फार चुकतात. प्लसच्या टोकाचे आकार असतात, पीएच १, पीएच २ असे, दांड्यावर लिहिलेलं असतं. घरात जास्तीत जास्त लागतो २, स्विचबोर्डाच्या छोट्या स्क्रूला १. मोठ्या खाचेत छोटं टोक घालून जोर केला की खाच गोल होते आणि मग तो स्क्रू जन्मात निघत नाही, आणि आपण म्हणतो स्क्रू हलका होता. नाचता येईना अंगण वाकडं. एक आणि दोन नंबरचे दोन वेगळे घे, आणि एक चपटा. अदलाबदलीच्या बिटांचा सेट मोहक दिसतो पण त्यातली मऊ लोखंडाची टोकं महिन्यात झिजतात. एवढं घेऊन दीड हजारातले थोडे उरतील, त्याचं तिघी मिळून काहीतरी खा.

ड्रिल घेऊ नकोस, भाड्याच्या भिंतीला भोक पाडलं की डिपॉझिटमधून कापतात.

प्रश्न : बेसिनचा नळ टिपकतो. प्लंबर म्हणतो नवीनच टाका. पाना आणला तर घरी जमेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नळ कसला आहे त्यावर आहे. चार-पाच फेरे फिरवून बंद होणारा जुना पितळी असेल तर आतलं रबराचं वायसर झिजलंय, पाच-दहा रुपयांचं काम. खालचा अँगल कॉक बंद करा, बेसिनच्या जाळीवर फडकं टाका (स्क्रू आत गेला की रडायचं नाही), नळाची मूठ काढा, पान्याने स्पिंडल, म्हणजे आतला फिरता दांडा, सोडवा, जुनं वायसर दुकानात दाखवून तसंच आणा. पाव फेऱ्यात बंद होणारा असेल तर आत सिरॅमिकच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं, वायसर नसतंच, अख्खं कार्ट्रिज बदलायचं, आणि ते नमुना नेल्याशिवाय आणू नका, वरचे दाते कंपनीगणिक वेगळे असतात. बोअरचं पाणी असेल तर क्षारामुळेही चकत्या खराब होतात.

पाना साधा अडजस्टेबलच. पाइप पाना क्रोमच्या नळाला लावू नका, दातांचे वळ उठतात. साधा पानाही फडकं गुंडाळून. टेफ्लॉन गुंडाळायचा तो आटे आवळण्याच्या दिशेने, उलटा गुंडाळला तर आवळताना सगळा गोळा होऊन बाहेर येतो आणि मग गळतंय म्हणून लोक अजून जोरात आवळतात आणि शेवटी नळ मोडतो.

प्रश्न : काकू, मी इचलकरंजीचा, घरीच लाकडाचं छोटं काम करतो, व्हिडिओ बघून शिकलो. चार इंची ग्राइंडर आहे. त्याला लाकूड कापायचं दातेरी पातं लावतात ते लावलं तर चालतंय का? एकच मशीन, दोन कामं.

उत्तर : नाही.

एवढंच लिहून सोडणार होते पण तू लावशील म्हणून कारण सांगते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे घेतो. लाकूड कापायच्या सर्क्युलर सॉचा वेग त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो, त्याला खाली सपाट पाया असतो जो लाकडावर टेकतो, पात्याला सरकतं झाकण असतं. ग्राइंडरला यातलं काही नाही, तो हवेतच धरायचा. दाता लाकडात अडकला की मशीन तुझ्याकडेच उसळणार, आणि व्हिडिओत तो माणूस गार्ड काढून काम करतोय हे तू बघितलंच असशील. आमच्या गिऱ्हाइकांत एक सुतार आहेत, चाळीस वर्षांचा हात, त्यांच्या मांडीवर टाके आहेत ते ह्याचेच.

जिगसॉ घे, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या बारीक पात्याचं मशीन, घरातल्या कामाला पुरेसा आहे. नाहीतर हाताची चांगली करवत. हल्लीच्या करवतींचे दाते काळपट निळे दिसतात ते कडक केलेले असतात, धार खूप टिकते पण गेली की गेली, कानस लागत नाही. जुन्या पद्धतीची घेतलीस तर तिकोनी कानशीने धार लावायला शीक, व्हिडिओ बघायचेच असतील तर त्याचे बघ.

ग्राइंडर लोखंडालाच वापर, आणि तेव्हाही गार्ड, बाजूची मूठ, डोळ्याला गॉगल. लोखंड कापायच्या डिस्कला मधे पत्र्याची रिंग असते, तिच्यावर तारीख छापलेली असते, बघितलीस कधी? ती एक्सपायरी. डिस्क रेझिनमध्ये बांधलेली असते, दमटपणाने आणि वयाने कमजोर होते. आणि तिच्यावर छापलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच पाहिजेत.

प्रश्न : नमस्कार. माझा भाचा न्यू जर्सीला असतो, त्याने नवीन घर घेतलं तेव्हापासून सगळं हाताने करतो, फार कौतुक वाटतं. डिसेंबरमध्ये येताना मामासाठी तिकडचं ड्रिल आणि बॅटरीचं ‘इम्पॅक्ट’ आणतोय म्हणाला, तिकडे ब्लॅक फ्रायडेला अर्ध्या किमतीत मिळतं. २० व्होल्टचं आहे म्हणे. घेऊ का? आमचं घर कोथरूडला १९९०च्या आसपासचं, विटेचं.
— एक मामा, पुणे

उत्तर : मामा, भाच्याला आत्ताच फोन करा, सेलच्या आधी.

वायरचं ड्रिल अजिबात नको. तिकडे वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. आपल्या प्लगला लावलं की पहिल्या मिनिटात जळेल. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण ड्रिलला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर उचलून शिडीजवळ न्यायचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

बॅटरीचं मशीन चालतं, पण चार्जर? तिकडच्या बऱ्याच टूल कंपन्यांचे चार्जर फक्त १२० व्होल्टचे असतात, मोबाइलच्या चार्जरसारखे सगळीकडे चालणारे नसतात. चार्जरच्या मागे बारीक अक्षरात ‘१००-२४०’ असेल तरच. आणि २० व्होल्टला भुलू नका, ते आपल्याकडचं १८ व्होल्टच. आत पाच सेल असतात, पूर्ण भरले की प्रत्येकी साधारण ४ म्हणून २०, आणि चालताना सरासरी ३.६ म्हणून १८. एकच मशीन, दोन देशांत दोन आकडे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, तो जे ‘इम्पॅक्ट’ म्हणतोय ते इम्पॅक्ट ड्रायव्हर असणार. त्याचा झटका फिरवण्याच्या दिशेने असतो, पुढे ठोका मारायच्या दिशेने नाही, ते लाकडात लांब स्क्रू पिळायचं यंत्र आहे. भाच्याचं घर लाकडी सांगाड्याचं असणार, वर जिप्समचा बोर्ड, मधे साधारण सोळा सोळा इंचांवर उभे लाकडी खांब, ज्यांना ते स्टड म्हणतात. त्याला भिंतीत खांब शोधायचा असतो आणि त्यात स्क्रू मारायचा असतो, गिट्टीचा प्रश्नच फारसा नाही. त्याच्यासाठी ते हत्यार बरोबर आहे. तुमच्या कोथरूडच्या विटेसमोर ते नुसतं आवाज करेल. म्हणजे ठाण्याच्या ताईंना जे सांगितलं तेच, आधी भिंत.

तुम्हाला इथलंच इम्पॅक्ट ड्रिल घ्या, ५००-६०० वॉट, १३ एमएमचा चक, अडीच-तीन हजारांच्या आसपास चांगल्या कंपनीचं मिळतं, बिघडलं तर मोटरचे कार्बन ब्रश इथल्या दुकानात मिळतात. भाच्याला काही आणायचंच असेल तर उत्तम स्क्रू ड्रायव्हरचा सेट नाहीतर बिटं आणू दे, त्यांना व्होल्ट नसतात. आणि तरी त्याने बॅटरीचं मशीन आणलंच तर सुट्या बॅटऱ्या केबिनमध्ये आणि मशीन चेक-इनमध्ये, हे त्याला सांगा, उलटं केलं तर विमानतळावर बॅग उघडायला लावतील.

प्रश्न : गुहागरला समुद्राजवळ घर आहे. पावसाळा संपल्यावर पेटी उघडली की पक्कड, पाने, कानस सगळं तांबूस. खोबरेल तेल लावून ठेवतो तरी गंज येतोच. स्प्रे मारू का? आणि गेल्या पावसात माळ्यावर पाणी गळून मशीन भिजलं, ते चालू करून बघावं का?

उत्तर : चालू करून बघू नका, हे आधी.

आमच्या दुकानात २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, ते उतरल्यावर दोन दिवसांनी आम्ही चिखलातून एकेक वस्तू काढत होतो. मशीनं वीस-बावीस होती. घाईघाईने कुणीतरी एक पुसून प्लगला लावलं, फट् झालं आणि गेलं. बाकीच्यांना बाबांनी हात लावू दिला नाही. ती उघडली, चिखल स्वच्छ गोड्या पाण्याने धुतला, ब्रश काढून ठेवले, आणि पंख्याखाली वाळवली, चांगली दहा-बारा दिवस, मग मोटर वाइंडिंगवाल्याकडे नेऊन मेगर लावून घेतला, म्हणजे वाइंडिंगमधून बॉडीला करंट गळतोय का ते कळतं. निम्म्याहून जास्त वाचली. तुमचं तर नुसतं पावसाचं पाणी आहे, वाचायला हरकत नाही. बॅटरीचं असेल तर बॅटरी मात्र बाद धरा.

पकडी-पान्यांना त्या पुरात काहीही झालं नाही. रॉकेल, तारेचा ब्रश आणि चार संध्याकाळी. लाकडी मुठीच्या पटाश्या फुगून मोडल्या.

खोबरेलाचं असं आहे की ते लावताना बरं वाटतं पण काही महिन्यांत चिकट होतं, त्यावर धूळ बसते, धूळ दमटपणा धरते आणि त्याच्याखाली गंज सुखाने वाढतो. शिवणयंत्राचं पातळ तेल वापरा, फडक्यावर घेऊन पुसल्यासारखं, अगदी पातळ. तो निळा-पिवळा स्प्रे, डब्ल्यूडी-४०, त्याचं नावच मुळी ‘पाणी हटवणारा, चाळिसावा प्रयत्न’ अशा अर्थाचं आहे, तो ओल काढायला आणि अडकलेला नट सोडवायला झकास, पण पुढच्या चार महिन्यांचं राखण त्याच्यावर सोपवू नका, त्यातलं बरंचसं उडून जातं. स्प्रे मारा, पुसा, मग तेल. कुलपात मात्र यातलं काहीच नको, पेन्सिलच्या शिशाची पूड घाला.

चढलेला गंज काढायला लिंबूसत, कोमट पाण्यात मूठभर, त्यात पाने रात्रभर बुडवा, सकाळी घासून धुवा आणि लगेच सुकवून तेल, लगेच म्हणजे चहा प्यायच्या आधी, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होतात. कानशीला तेल लावू नका, घसरते, तिला कोरडीच कागदात गुंडाळा. आणि पेटी घट्ट झाकणाची प्लास्टिकची असेल तर ओल आत कोंडून राहते, मे महिन्यात कडक उन्हात सगळं वाळवून मगच बंद करा, चपलांच्या खोक्यातल्या त्या छोट्या पुड्या आत टाका. जूनमध्ये भरलेली पेटी म्हणजे आतच पाऊस पडतो.

जागा संपली. पुढच्या अंकासाठी ड्रिलबद्दल विचारणार असाल तर मशीनचा फोटो नको, कागदावर भुकटी घेऊन तिचा पाठवा.